सरसकट आय७ कशाला? ऑफिसच्या कॉम्प्युटरविषयी वाचकांचे प्रश्न

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एकच विषय जास्त आहे: ऑफिसचे कॉम्प्युटर बदलायचे, पण प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं मुख्य काम करणारी चिप, कोणता घ्यायचा: इंटेल कंपनीचा आय३, आय५ की त्यांहून ताकदीचा आय७? सारख्या प्रश्नांतला एकेक निवडून इथे उत्तरं दिली आहेत.

आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर आहेत. तीन आय३-४१३० चे, चार आय५-८४०० चे, आणि ज्यावर टॅलीचा डेटा ठेवलाय तो आय५-६५०० चा. सगळ्यांना हार्ड डिस्कच आहे. सकाळी चालू केल्यावर दहा मिनिटं काही उघडत नाही. पुरवठादार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, आठही काढा आणि सगळीकडे आय७ टाका. काय करावं?
*व्यवस्थापक, डाळ मिल, जळगाव एमआयडीसी*

आठही काढू नका. चार ठेवा, चार बदला, आणि आय७ एकातही घालू नका.

सकाळची दहा मिनिटं कशात जातात ते आधी स्वतः पाहून घ्या. कॉम्प्युटर चालू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. बहुधा असं दिसेल की सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) पंधरा-वीस टक्क्यांवर रेंगाळतोय आणि डिस्क शंभर टक्क्यांना जाऊन चिकटली आहे. फिरत्या हार्ड डिस्कला इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला शंभरेक वेळाच वाचता येतात. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या डिस्कला) तेच काम हजारोंच्या हिशेबात जमतं. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासणी करताना, टॅलीत कंपनी उघडताना असेच छोटे तुकडे वाचावे लागतात. डिस्क तीच ठेवून आय७ घातला, तर तोही तिची वाट पाहत बसेल.

आता एकेक मशीन घेऊ. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा (पिढीचा) किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि युईएफआय सिक्युअर बूट (मशीन सुरक्षितपणे सुरू करायची नवी पद्धत). तुमचे चार आय५-८४०० आठव्या जनरेशनचे, प्रत्येकी सहा कोअरचे (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांचे) आहेत. बिलं, ई-वे बिल, जीएसटी पोर्टल, एक्सेल या कामाला ते अजून काही वर्षं पुरतील. त्यांत ५१२ जीबीची एसएसडी घाला आणि रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल तर तेवढी करा. विंडोज ११ तपासणीत ‘टीपीएम नाही’ असं आलं तर घाबरू नका. या मदरबोर्डांवर ते बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्याच प्रोग्रॅममध्ये) ‘इंटेल पीटीटी’ नावाने असतं आणि बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं. ते चालू करायचं.

इथे एक चूक हमखास होते. जुनं विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं, म्हणजे डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते. कोणीतरी बायोसमध्ये जाऊन थेट युईएफआय करतो आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून अडून बसतं. एसएसडी नवी घेताच आहात, तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, बायोस युईएफआयवर न्या आणि नव्या एसएसडीवर कोरं विंडोज ११ टाका. जुनी डिस्क महिनाभर तशीच जपा, कारण डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलींची आठवण लोकांना नंतर होते. डिस्क काढण्याआधी टॅलीचं लायसन्स त्या मशीनवरून सरेंडर करा. ते राहिलं तर नव्या ठिकाणी ॲक्टिव्हेट करताना खोळंबा होतो. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवा. महिन्याच्या २० तारखेला ते शोधत बसण्यासारखा ताप नाही.

आय३-४१३० चौथ्या जनरेशनचा, दोन कोअरचा. त्यावर खर्च करू नका. त्याच्या जागी आय३-१२१०० किंवा आय३-१४१०० घ्या. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेडचे (एका वेळी आठ कामं हाताळणारे) आहेत आणि तुमच्या आय५-६५०० पेक्षा स्पष्टपणे वेगवान आहेत. आकडा ३ असला तरी, हे लक्षात घ्या. एएमडी या दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा चांगला पर्याय आहे.

डेटा ठेवलेला आय५-६५०० सहाव्या जनरेशनचा, म्हणून विंडोज ११ च्या यादीबाहेर. तोही बदला. त्या जागीही आय३-१२१०० चालेल. फक्त १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी (साटापेक्षा वेगवान प्रकार) आणि रोजच्या बॅकअपसाठी वेगळी डिस्क द्या. टॅलीचा डेटा एका मशीनवर आणि काम सात मशीनवर, अशी रचना असली की वेग ठरतो त्या एका मशीनच्या डिस्कवर आणि मधल्या वायरिंगवर. टास्क मॅनेजरमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड १०० एमबीपीएस दिसला तर स्विच (सगळी मशीन जोडणारा डबा) जुना आहे किंवा केबलमधल्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत. एकाच केबलमधून दोन मशीन काढण्याची जुगाड आपल्याकडे सर्रास असते, आणि गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात. गिगाबिट स्विच आणि नीट क्रिंप केलेली कॅट-६ केबल एवढ्या खर्चात हिशेबनिसाला जो फरक जाणवेल, तो प्रोसेसर बदलून जाणवणार नाही. टॅलीचा डेटा वाय-फायवरून उघडू नका, आणि डेटाचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

खरेदी वर्षाच्या पूर्वार्धात केलेली बरी. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. जीएसटीचा क्रेडिट घेतला असेल, तर तेवढी रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरता येत नाही.

केळीच्या हंगामात ऑफिसला चार मशीन वाढवायच्या आहेत. एक विक्रेता रिफर्बिश्ड ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ फार स्वस्तात देतोय. घ्यावेत का?
*केळी व्यापारी, रावेर*

घ्या, पण ‘आय५’ एवढ्यावर घेऊ नका. आय५-२४०० हाही आय५ आहे आणि आय५-१२४०० हाही. दोघांत अकरा वर्षांचं अंतर आहे. पुढचा आकडा पूर्ण विचारा. डेस्कटॉपच्या चार आकडी क्रमांकात पहिला आकडा जनरेशन सांगतो (३४७० तिसरं, ६५०० सहावं, ८५०० आठवं), आणि पाच आकडी असेल तर पहिले दोन. रिफर्बिश्ड घ्यायचं तर आठव्याच्या खाली उतरू नका. सातव्याचा आय५-७५०० आणि आठव्याचा आय३-८१०० दोन्ही चार कोअर, चार थ्रेडचेच. पण पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, दुसऱ्यावर चालतं.

बाहेरून या मशीन इतक्या सारख्या दिसतात की फसायला होतं. डेलची ऑप्टिप्लेक्स ३०५०, ५०५०, ७०५० ही मालिका सहाव्या-सातव्या जनरेशनची, आणि ३०६०, ५०६०, ७०६० ही आठव्याची. एचपीच्या प्रोडेस्क ६०० मध्ये जी३ जुनं, जी४ पासून चालेल. लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये एम७१० नको, एम७२० चालेल. स्टिकरवर भरवसा ठेवू नका, ते बाजारात सुटं मिळतं. विंडोज आणि आर एकत्र दाबा, रोमन अक्षरांत सलग ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बायोसची तारीख, सिक्युअर बूट चालू की बंद, सगळं एका पानावर दिसतं. टीपीएमसाठी तसंच ‘टीपीएम.एमएससी’.

विक्रेत्याने सातव्या जनरेशनवर विंडोज ११ चालवून दाखवलं, तर ते तपासणी चुकवून टाकलेलं आहे. आज चालतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठं वार्षिक अपडेट दर वेळी तसंच खटपट करून टाकावं लागतं. चार मशीनचा तो उद्योग हंगामात कोण करणार?

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. छोट्या कॅबिनेटच्या ब्रँडेड मशीनचा पॉवर सप्लाय त्याच कंपनीच्या आकाराचा असतो. उडाला तर बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. चार घेताना एक जादा पॉवर सप्लाय मागून घ्या. आणि १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत आहे की एका, ते टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ मध्ये दिसतं.

‘नवं कोरं असेंबल्ड आय७’ म्हणून जो माल अगदी स्वस्तात येतो, त्याच्यापासून मात्र लांब राहा. त्यात बोर्ड नवीन छापाचा एच६१ किंवा एच८१ असतो आणि वर दहा-बारा वर्षं वापरून काढलेला दुसऱ्या ते चौथ्या जनरेशनचा आय७ बसवलेला असतो. एच६१ वर तर साटाचा वेगही निम्माच, ३ गिगाबिटचा. त्यापेक्षा आठव्या जनरेशनचं जुनं डेल कधीही सरस.

जिनिंगच्या वजनकाट्यावर डॉसमधला फॉक्सप्रोचा जुना प्रोग्रॅम चालतो. काटा मागच्या सीरियल पोर्टला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या मोठ्या पॅरलल पोर्टला. मशीन आता रोज बंद पडतंय. नवं घेतलं तर हे सगळं चालेल का?
*जिनिंग-प्रेसिंग मालक, चोपडा*

प्रोसेसरच्या भाषेत हे सर्वांत हलकं काम आहे. इंटेल एन१०० चा मिनी पीसी पुरतो: चार छोटे कोअर, ६ वॉटचा. शक्य असेल तर पंखा नसलेला घ्या, कारण कपाशीचा तंतू पंख्यात गुंडाळून बसतो आणि सीझनमध्ये दर आठवड्याला उघडावं लागतं. खरी अडचण बाकीच्या तीन गोष्टींत आहे.

पहिली म्हणजे तो प्रोग्रॅम. फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला, डॉसचा (विंडोजआधीच्या प्रणालीचा) हा प्रोग्रॅम १६ बिटच्या जमान्यातला. ६४ बिटच्या विंडोजवर तो चालत नाही आणि विंडोज ११ चं ३२ बिट रूप निघालंच नाही. तो डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसमध्ये चालवावा लागतो. उघडताच ‘डिव्हाइड बाय झिरो’ अशी चूक आली तर डेटा बिघडलाय असं समजू नका. जुन्या फॉक्सप्रोला वेगवान प्रोसेसरवर वेळ मोजताना हा घोळ होतो. डॉसबॉक्समधले सायकल्स (नक्कल केलेल्या प्रोसेसरचा वेग) कमी केले की निघून जातो.

दुसरी, काट्याची जोडणी. इंडिकेटर (काट्याचा आकडे दाखवणारा डबा) आरएस-२३२ या सीरियल पोर्टवर बोलतो, नव्या बहुतेक मशीनला ते पोर्ट मागे नसतं. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या, पण एफटीडीआय चिपचा. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये जुनी किंवा नकली पीएल२३०३ चिप निघते, आणि विंडोज ११ चा ड्रायव्हर ती ओळखून काम करायला नकार देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा नंबर कॉम७, कॉम९ असा काहीतरी आलेला असेल. तो कॉम१ ते कॉम४ पैकी एक करा, कारण जुन्या प्रोग्रॅमला त्यापलीकडचं दिसत नाही. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी या तिन्ही सेटिंग जुन्या मशीनवरून आत्ताच कागदावर उतरवून घ्या. ते मशीन एकदा कायमचं गेलं की इंडिकेटरच्या मेनूत चाचपडत बसावं लागेल. काट्यापासून केबिनपर्यंत केबल १५ मीटरच्या आत ठेवा आणि मध्ये आयसोलेटर बसवा. पहिल्या वळिवाच्या कडकडाटात लांब केबलमधून आलेला झटका थेट मदरबोर्डवर जातो.

तिसरी, प्रिंटर. यूएसबी असलेला डॉट मॅट्रिक्स घेऊन तो शेअर करायचा आणि ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ च्या नावाशी जोडायचा. प्रोग्रॅमला वाटतं जुनंच पोर्ट आहे. जुनाच प्रिंटर ठेवायचा असेल तर साध्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड घाला. मग मात्र मिनी पीसी बाद, कारण त्यात कार्ड बसत नाही; आय३ चा टॉवर घ्या.

नवं मशीन सीझन सुरू व्हायच्या आधी लावा. दोन्ही मशीन आठवडाभर सोबत चालवून पावत्या ताडून पाहा.

आय३-६१०० काढून त्याच बोर्डवर आय५-८४०० बसेल का? सॉकेट एकच, एलजीए ११५१ लिहिलंय.
*हार्डवेअर दुरुस्ती, धुळे*

खाचेत बसेल, चालू होणार नाही. पिनांची संख्या तीच ठेवून इंटेलने आठव्या जनरेशनला ३०० मालिकेचे बोर्ड लागू केले. एच११०, बी२५० वर सहावं-सातवंच चालतं. पुढे एलजीए १२०० या सॉकेटमध्येही असाच फटका आहे: मूळ एच४१० वर अकरावं चालत नाही, एच५१० वर दहावं-अकरावं दोन्ही चालतं. एलजीए १७०० वर बारा, तेरा, चौदा ही तिन्ही जनरेशन बसतात, पण बोर्डचा बायोस जुना असेल तर चौदावं पडदा काळाच ठेवतं. आधी बायोस अपडेट करा, मग प्रोसेसर बदला.

एएमडीचं एएम४ सॉकेट याबाबतीत उदार आहे. ए३२० च्या कित्येक जुन्या बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६००जी बसतो. ग्राहकाकडे रायझन ३ २२००जी असेल, तर बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून एवढा एक बदल केला की मशीन विंडोज ११ च्या यादीत येतं (२२००जी स्वतः त्या यादीत नाही). बोर्ड उत्पादकाच्या साइटवर त्या बोर्डची सीपीयू यादी पाहिल्याशिवाय प्रोसेसरची ऑर्डर देऊ नका.

एक काळजी दोन्हीकडे लागते. प्रोसेसर किंवा बायोस बदलला की त्यातलं टीपीएम नवं समजलं जातं, आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ग्राहकाला ती की असते हेच माहीत नसतं. काम सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर सस्पेंड करा, की कागदावर घ्या. बोर्डच बदलावा लागला तर सोबत आलेलं ओईएम विंडोज लायसन्स त्या जुन्या बोर्डबरोबर जातं. तो खर्च कोटेशनमध्ये आधीच दाखवा.

मे महिन्यात दुपारी मशीन अगदी मंद होतात, दोन तर आपोआप बंद पडतात. जास्त ताकदीचा प्रोसेसर घेतला तर फरक पडेल का?
*ट्रान्सपोर्ट ऑफिस, भुसावळ*

उलटा पडेल. बाहेर पंचेचाळीस अंश असताना पत्र्याखालच्या ऑफिसात चाळीसच्या वर पारा असतो, आणि पंखा लावलेला कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आय३-१२१०० जोर लावताना जास्तीत जास्त ८९ वॉट खेचतो, आय५-१२४०० हा ११७, आणि आय७-१४७०० हा २१९. तो आय७ खोक्यातल्या साध्या पंख्यावर चालवला तर तुमच्या मे महिन्यात १०० अंशांना टेकून स्वतःचा वेग स्वतःच कापत राहील. जास्तीचे पैसे मोजून घेतलेली ताकद ऐन उन्हाळ्यात मिळणारच नाही. ऑफिसच्या कामाला आय३, फार तर आय५-१२४०० च्या वर जायची गरज नाही.

आत्ताच्या मशीनचं आधी बघा. हीटसिंक काढून जुनी, खडूसारखी झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर वापरू नका. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एखादी अर्धवट बसलेली असते. बोर्डच्या मागून पाहिल्यावर चारही काळे टोक बाहेर आलेले दिसले पाहिजेत. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भिंगरीगत फिरून बेअरिंग जातं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका: ओलसर हवेत धूळ चिकटते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा थर जमतो.

त्यानंतर तापमान मोजा. काम चालू असताना ८५ च्या आत राहत असेल आणि तरीही मशीन बंद पडत असेल, तर एसएमपीएस किंवा यूपीएसची बॅटरी तपासा. ‘टी’ अक्षराचे ३५ वॉटचे प्रोसेसर मिनी पीसीत येतात. ते थंड राहतात खरे, पण रिकाम्या वेळी साधा प्रोसेसरही जवळपास तेवढीच वीज घेतो, म्हणून वीजबिलात मोठी बचत होईल या आशेने घेऊ नका.

मिरचीच्या पथारीवरून आणि बाजार समितीतून नोंदी करायला तीन लॅपटॉप हवेत. दुकानात रायझन ५ च्या दोन मॉडेलच्या किमतीत बराच फरक आहे, दोन्हीवर ७००० मालिका लिहिलंय.
*मसाला उद्योग, नंदुरबार*

तिसरा आकडा बघा. एएमडीच्या लॅपटॉपच्या ७००० मालिकेत आतली रचना किती जुनी आहे हे त्या आकड्यावरून कळतं. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, चार कोअर आणि रॅम बोर्डवर चिकटवलेली, नंतर वाढत नाही. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, सहा कोअर. ७५३०यू घ्या. ७५२०यू घ्यायची वेळ आलीच तर १६ जीबीचाच.

इंटेलमध्ये आय३-१२१५यू (सहा कोअर) किंवा आय५-१२३५यू (दहा कोअर) नोंदींना पुरेसे आहेत. आय३-एन३०५ हे नाव आय३ चं असलं तरी त्यातले आठही कोअर छोटे आहेत. नोंदी आणि ब्राउझरला चालेल, मोठ्या एक्सेलला नाही. कोअर अल्ट्रामधल्या एआय चिपसाठी या कामात जादा पैसे देऊ नका. त्या पैशात मॅट स्क्रीन आणि कीबोर्डवर घालायचं सिलिकॉन कव्हर घ्या. मिरचीची पूड कळांखाली गेली की कीबोर्डच बदलावा लागतो.

ऑटोकॅड आणि कोरलड्रॉ दोन्ही चालतात. जास्त कोअरचा घ्यावा का?
*आर्किटेक्ट व फ्लेक्स प्रिंटिंग, शिरपूर*

टू-डी ऑटोकॅड बहुतेक काम एकाच कोअरवर करतं, कोरलचंही बरंचसं तसंच. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा गिगाहर्ट्झ (कोअरचा वेग) बघा. आय३-१४१०० आणि आय५-१४४०० दोन्ही ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, म्हणून नुसत्या टू-डीसाठी आय३ वर भागतं. थ्री-डी रेंडर किंवा व्हिडिओ असेल तर आय५ आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. मोठ्या फ्लेक्सच्या फायली रॅम खातात, ३२ जीबी ठेवा. २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव चढले आहेत. जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅम चांगली असेल तर डीडीआर४ घेणारा एच६१० किंवा बी७६० बोर्ड निवडा आणि तीच वापरा. बोर्ड घेताना नीट वाचा, एकाच नावाचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार येतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे प्रोसेसर खराब होतात असं ऐकलं. घ्यावेत का?
*सुवर्णपेढी, जळगाव*

ऐकलं ते खरं आहे, पण वरच्या प्रोसेसरबद्दल. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन प्रोसेसर अस्थिर होत होते. इंटेलने त्यावर २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. ती यादी आय५-१३६००के पासून आय९ पर्यंतची आहे. आय३-१४१०० किंवा आय५-१३४०० त्यात नाहीत. तरीही बोर्डचा बायोस सप्टेंबर २०२४ नंतरचा करून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

पतसंस्थेसाठी बारा मशीनची कोटेशन मागवायची आहेत. मागच्या वेळी ‘आय५ किंवा समतुल्य’ असं लिहिलं आणि जुनाच माल आला. यावेळी काय लिहावं? एका मशीनला तर स्क्रीनच येत नव्हती, वरून ग्राफिक्स कार्डचे पैसे घेतले.
*सचिव, पतसंस्था, चाळीसगाव*

स्क्रीन न येण्याचं कारण बहुधा क्रमांकापुढचं ‘एफ’ हे अक्षर. आय५-१२४००एफ मध्ये ग्राफिक्स नसतं, थोडा स्वस्त असतो, आणि मॉनिटरची केबल बोर्डला लावली तर काहीच दिसत नाही. एएमडीतही रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. गेम खेळणाऱ्याला ते कार्ड लागतंच म्हणून त्याला एफ परवडतो, ऑफिसला नाही.

कोटेशनच्या मागणीत असं लिहा: प्रोसेसर इंटेल कोअर आय३-१२१०० किंवा आय३-१४१००, अथवा एएमडी रायझन ५ ५६००जी, अंगभूत ग्राफिक्ससह, नवा, सीलबंद बॉक्समधला, तीन वर्षांच्या उत्पादक हमीचा. ‘ट्रे’ (बॉक्सविना सुटा) नको, त्याला उत्पादकाची थेट हमी नसते, दुकानदार देईल तेवढीच. मदरबोर्ड एच६१० (एएमडीसाठी बी४५० किंवा बी५५०), टीपीएम २.० चालू करून दिलेलं. रॅम ८ जीबीची एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा. एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी, कंपनी आणि मॉडेल नमूद करून. विंडोज ११ प्रो, लायसन्स संस्थेच्या नावे बिलात. जागेवर येऊन सेवा तीन वर्षं. ‘समतुल्य’ हा शब्द कुठेही घालू नका. घालायचाच तर ‘त्याच किंवा त्यानंतरच्या जनरेशनचा’ असं लिहा.

तुमचं कोअर बँकिंग ब्राउझरमध्ये चालत असेल तर प्रोसेसरवर भार किरकोळच येतो, म्हणून बाराही ठिकाणी आय३ पुरे. पासबुक प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र विंडोज ११ वर चालतं का, हे मात्र ऑर्डरपूर्वी एका मशीनवर लावून बघा. त्यांचा ड्रायव्हर नसेल तर बारा नव्या मशीन काउंटरवर नुसत्या शोभेला.

माल आल्यावर बाराही मशीन उघडून एमएसइन्फो३२ चं पान छापा, बिलातल्या क्रमांकाशी जुळवा, मगच चेक द्या. नमुन्याला एक तपासून बाकी अकरा तशाच ठेवून घेतल्या तर जुना माल त्या अकरांतच निघतो. काढलेल्या मशीनमधल्या हार्ड डिस्क भंगारात घालू नका, त्यांवर खातेदारांचे केवायसी आहेत. डिस्क काढून घ्या, डेटा पूर्ण पुसा किंवा त्या फोडून टाका, आणि बाकीचा सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियादाराकडे देऊन पावती फाइलला लावा.